धरलंय

“तुमाला ‘सोड’ कसं म्हणू ओ?” गाडीखालून आण्णांनी विचारलं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर होतो, डावा पाय क्लचच्या पेडलवर. उघड्या दारातून खाली पाहिलं की आण्णांच्या टाचा तेवढ्या दिसायच्या. बाकीचे आण्णा गाडीच्या पोटाखाली, पोत्यावर उताणे पडलेले. बहात्तर वर्षांचे माझे सासरे. मी म्हणालो, कामाच्या वेळी कसला मानपान, डेपोत म्हणत होता तसंच म्हणा. दाब, धर, सोड.

“डेपोत जावई न्हवता माझा,” ते म्हणाले. “पाडव्याच्या दिवशी जावयाला अरेतुरे केलं तर त्रिशलाची आई मला ताट वाढायची न्हाई.”

बॉनेटपाशी तेलाचा डबा घेऊन उभी असलेली माझी बायको त्रिशला खुदकन हसली. शेवटी तडजोड झाली. दाबा, धरा, सोडा. एकेरीत जे काम टकाटक झालं असतं ते अहोजाहोत करायचं ठरलं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात पॉलिटेक्निकला शिकवत होतो. विषय द्रव आणि त्यांचा दाब. फळ्यावर दोन सिलिंडर आणि त्यांच्यामधली नळी काढून, इकडे हाताने दाबलं की तिकडे हत्ती कसा उचलला जातो, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हातात पाना मात्र जन्मात धरला नव्हता. आमच्या त्या जुन्या गाडीच्या क्लचला वायर नव्हती, तेल होतं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातलं तेल नळीतून खाली गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरात ढकललं जायचं आणि क्लच सुटायचा. म्हणजे माझा फळाच चार चाकांवर ठेवलेला.

तर या गाडीतून दिवाळीला सासरी जयसिंगपूरला निघालो, आणि पेठ नाका ओलांडल्यावर पेडल जे खाली गेलं ते वर येईना. गाडी गिअरमध्येच ठेवून स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्या गिअरवर बैलगाडीच्या चालीनं जायचं, असं करत सांगली पार करून कसाबसा पोचलो. आण्णा फाटकातच उभे होते. पाहुण्याच्या आधी त्यांनी पाहुण्याच्या गाडीची विचारपूस केली. वाकून खाली हात घातला, ओलं बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले की खालच्या सिलिंडरचं रबर गेलंय, तेल गळलं आणि हवा शिरली. रबर बदलायचं, हवा काढायची, झालं.

त्यांचा मुलगा सुकुमार मागे उभा होता. तो म्हणाला की दाजींच्या गाडीला सांगलीचा मेकॅनिक बोलावू. जेवताना आण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

इथे घरातली गोष्ट सांगायला हवी. आण्णांनी, म्हणजे भूपाल मगदूम यांनी, एसटीच्या डेपोत छत्तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर घरापुढे पत्र्याची शेड घातली, भिंतीला खिळे ठोकून पाने टांगले, आणि गल्लीतल्या गाड्या बघायला लागले. सकाळी देवळात जाऊन आले की शेडमध्ये, आणि जैन घर, तेव्हा दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून हाक मारली की घरात. चौदा वर्षं असं चाललं होतं. मग त्याच वर्षी श्रावणात जॅक घसरला. गाडी खाली आली ती त्यांच्या बरगडीपासून वीतभर. तेव्हापासून सुकुमारने लावून धरलं होतं की आता पुरे. कानाला कमी ऐकू येतं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात कधी दगा देईल सांगता येत नाही. त्याला शेडच्या जागी ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकायचं होतं हे खरं, पण वडील त्या गाडीखाली सापडले असते या भीतीनं तो महिनाभर नीट झोपला नव्हता, हेही खरं.

त्या रात्रीच्या, म्हणजे दिवस मावळायच्या आतल्या, पंगतीत आण्णांनी ताटावर बसूनच सांगितलं, “जावयाची गाडी मी करणार. माझ्या हातनं झाली तर शेडचा विषय पुन्हा ह्या घरात काढायचा न्हाई. न्हाई झाली तर तू म्हणशील तसं.”

“आण्णा, पैज कशाला लावताय?” सुकुमार म्हणाला.

“पैज न्हाई. सांगतोय.”

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. सुकुमारनं नाइलाजानं मान डोलावली. मी मात्र उत्साहात होतो. माझी गाडी, माझा विषय आणि समोर प्रेक्षक. मी म्हणालो, आण्णा, मी आहे ना तुमच्या मदतीला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बसनं सांगलीला जाऊन रबराचं किट आणि अर्धा लिटर ब्रेक ऑइलचा डबा घेऊन आले. पाडव्याच्या सकाळी देवळातून आल्यावर शेडमध्ये बसले. सिलिंडर खोलला, धुतला, प्रकाशात धरून आतली भिंत पाहिली, नवं रबर तेलात बुडवून बाळाला टोपडं घालावं तसं घातलं. मी मुद्दाम त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात जराही हलत नव्हता. सुकुमारही बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी दिसलं. आपण हरलो तर बरं, असं त्यालाही कुठेतरी वाटत असावं.

दुपार कलली तेव्हा राहिलं काय, तर हवा काढणं. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं वर पेडल दाबून धरायचं, एकानं खाली पडून सिलिंडरचं निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, उघडायचं. निपलला पारदर्शक नळी लावलेली, नळीचं दुसरं टोक बाटलीत. निपल उघडलं की तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल बंद केलं की मगच पेडल सोडायचं. असं करत करत बुडबुडे संपले, नुसतं तेल आलं, की पेडल कडक होतं.

सुकुमार म्हणाला, “दाजी, तुम्ही उतरा, मी बसतो. लहानपणापासून हेच केलंय.”

“राहू दे,” मी म्हणालो, “हा माझ्या विषयातला भाग आहे.”

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला शिक्षक. कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी त्याला आकृती काढून दाखवली. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर काय होतं? बाहेर आलेली हवा तेलासकट परत आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. तेव्हा लक्ष हवं. मुद्दा एवढाच आहे, पण तोच लोकांना कळत नाही. सुकुमारनं हो म्हटलं. त्रिशलाच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दलचा थोडा अभिमान दिसला, आणि तो मला दिसला हे मी लपवत नाही. आण्णांनी सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि पोतं अंथरलं.

“दाबा.”

मी दाबलं.

“धरा.”

“धरलंय.”

खाली पाना फिरल्याचा बारीक आवाज यायचा. पायाखालचं पेडल आणखी थोडं खाली जायचं. मग पाना उलटा फिरायचा आणि “सोडा” म्हणून हाक यायची. त्रिशला वरच्या टाकीत तेल बघायची, कमी वाटलं की डब्यातून ओतायची. बाटलीत आलेलं तेल पुन्हा घालायचं नाही, त्यात हवा आणि घाण असते, असा आण्णांचा नियम. डबा अर्ध्या लिटरचा, आणि मुहूर्ताचा सौदा करून गावातली दुकानं कधीच बंद झालेली. पण तेल पुरेसं होतं. दहाबारा वेळा झाल्यावर पेडलमध्ये जीव यायला लागला. तळव्याखाली कुणीतरी उलटा रेटा देतंय असं वाटायला लागलं.

“आता खरी हवा यायलीय,” आण्णा खालून म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. “दाबा. धरा. सोडू नका—”

मी सोडलं.

‘सोडू’ एवढाच शब्द कानानं घेतला आणि पायानं हुकूम मानला. डेपोत ‘धर’ म्हणजे ‘धर’ असतं. ‘सोडू नका’ असं तिथं कुणी कुणाला म्हणत नाही. ते आर्जव जावयासाठी होतं. पुढचा ‘नका’ ऐकू येईपर्यंत पेडल वर आलेलं होतं.

खाली पाना थांबला. मग आण्णांनी विचारलं, “जावईबापू, सोडलं काय?”

हो म्हणायला काय लागत होतं? चुकलं, ऐकण्यात घोळ झाला, पुन्हा करू. आणखी पाचसहा वेळा दाबायला लागलं असतं, बस. पण सुकुमार दाराला टेकून उभा होता, माझ्या आकृतीचा कागद अजून त्याच्या हातात होता. मघाशी ज्या एकाच चुकीवर मी एवढं पुराण लावलं होतं तीच मी केली होती.

“नाही,” मी म्हणालो. “धरलंय.” आणि म्हणता म्हणता पेडल हळूच परत दाबलं.

“बरं,” आण्णा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ‘सोडू नका’ हे शब्द पुन्हा काढले नाहीत. नुसतं ‘धरा’ म्हणू लागले, तेही मोठ्यानं आणि तोडून. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मी माझ्या खोटेपणाच्या काळजीत होतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दाबा, धरा, सोडा. आठ वेळा, दहा वेळा. आणि मग माझ्या डाव्या पोटरीत गोळा यायला लागला.

पेठ नाक्यापासून त्या पायानं मेलेलं पेडल रेटलं होतं, आणि आता अर्धा तास हे चाललं होतं. पोटरी दगडासारखी झाली. ‘धरलंय’ म्हणायचो आणि पाय आपोआप सैल पडायचा. पेडल बोटभर वर यायचं. पानाचा आवाज अजून व्हायचाच असायचा. मला ते कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दात दाबून पाय परत रेटायचो, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. असं एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा खालून आण्णा म्हणाले, “जावईबापू, जरा चा घ्या. सुकुमार बसल तवर घटकाभर.”

मला वाटलं, मला उठवतात. माझ्यावर विश्वास नाही.

“कशाला? चांगलं चाललंय,” मी म्हणालो.

“अहो, उतरा की थोडं,” त्रिशलाही म्हणाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. खालून आवाज आला, “दाबा.”

किती वेळा झालं ते मोजलं नाही. पेडल मऊ ते मऊच. मध्येच कडक झाल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा फुसकं. त्रिशलानं डबा हलवून पाहिला आणि आण्णांना सांगितलं की आता तळाशी थोडंसंच उरलंय. सुकुमार खाली वाकला.

“आण्णा, निपल नीट बंद होतंय ना?”

“होतंय की.”

“मग हवा शिरते कुठनं?”

त्याचं उत्तर गाडीत फक्त दोघांकडे होतं, एक वर बसलेला आणि एक खाली पडलेला. खालचा काही बोलला नाही. तेव्हा वरचा बोलला. शिक्षकाच्या आवाजात, अगदी समजूतदारपणे मी म्हणालो, “निपल बंद करायला क्षणभर उशीर होत असेल. वयाप्रमाणे मनगटाचा वेग कमी होतो, त्याला इलाज नाही.”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तिसरीत असताना पाठ केली होती. ती कुणासाठी केली होती ते त्या दिवशी कळायला हवं होतं. पण त्या क्षणी मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. सुकुमारनं मान डोलावली. त्याला पटलं होतं. श्रावणापासून तो हेच तर म्हणत होता.

डबा संपला. उरलेलं तेल टाकीत गेलं, टाकीतून नळीत, नळीतून बाटलीत. शेवटचं “सोडा” झालं. मी पेडल हातानं दाबून पाहिलं. लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं.

आण्णा गाडीखालून सरकत बाहेर आले. पोत्यावर उठून बसले. सदऱ्याला तेल लागलं होतं, पांढऱ्या केसांत माती होती. चिंधीनं एकेक बोट पुसलं. सगळी पुसून झाल्यावर म्हणाले, “सुकुमार, न्हाई जमलं. तू म्हणतोस तसं कर.”

सुकुमारचा चेहरा पडला. जिंकल्यासारखा तो मुळीच दिसत नव्हता. तो म्हणाला, “असं काय आण्णा. सकाळी ताजं तेल आणतो, परत बघू की. पेडलला मी बसतो.”

मी श्वास धरून बसलो होतो. तो पेडलला बसला आणि दहा मिनिटांत हवा निघाली, तर?

“नगं,” आण्णा म्हणाले. “बोललो ते बोललो. हात चालंना झालाय माझा. मेकॅनिक बोलव.” आणि मग माझ्याकडे न बघता, “चला, दिवस मावळायला आला. जेवून घेऊ.”

पाटावर बसल्यावर ओवाळायच्या वेळी त्यांनी स्वतः उठून माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं. सासूबाई म्हणाल्या की गाडीचं काय एवढं मनाला लावून घेता. आण्णा म्हणाले, कुठं लावून घेतलंय. त्या दिवशी पुरणपोळ्या त्यांनी दोन खाल्ल्या, नेहमीसारख्या. मी एकही धड खाल्ली नाही. सगळ्यांना वाटलं, प्रवासाचा शीण.

भाऊबीजेच्या सकाळी सांगलीचा मेकॅनिक आला. सुकुमार पेडलला बसला, मेकॅनिक खाली गेला. “दाब. धर. सोड.” पंधरा मिनिटांत पेडल कडक. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “किट कुणी बसवलं ओ? लई निगुतीनं बसवलंय. नुसती हवाच राहिली होती.”

“आमच्या आण्णांनी,” सुकुमार म्हणाला. मग जरा हळू आवाजात, “हवाच तर काढायची होती.”

आण्णा तिथे नव्हते असं नाही. शेडच्या आत होते, भिंतीवरचे पाने खिळ्यांवरून उतरवून लाकडी खोक्यात ठेवत होते. मोठे खाली, लहान वर. मी दारात उभा राहून बघत होतो. दोघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. तोंडाशी आलंही. “आण्णा,” मी म्हणालो.

ते वळले. “बोला की.”

“काही नाही. निघायचं म्हणतोय दुपारी.”

“बरं बरं,” ते म्हणाले, आणि पुढचा पाना खिळ्यावरून काढला.

दुपारी त्रिशलानं सुकुमारला ओवाळलं, आम्ही जेवलो आणि सामान गाडीत ठेवलं. सगळे फाटकाशी आले. सासूबाईंनी मुरंबा दिला, सुकुमारनं टपावरची बोचकी नीट लावून दिली. नमस्कार झाले. मी गाडीत बसलो, किल्ली फिरवली. आण्णा खिडकीपाशी आले, दारावर हात ठेवला आणि वाकून विचारलं, “पाय कसा हाय आता? पोटरी दुखती न्हाई न्हवं?”

मला वाटतं माझा हात किल्लीवर तसाच राहिला. पोटरीत गोळा आला होता हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्रिशलालाही नाही. चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं, आणि खाली पोत्यावर पडलेल्या माणसाला तसाही माझा चेहरा दिसत नव्हता. त्याला दिसत होती फक्त निपलला लावलेली नळी. मी पेडल बोटभर वर येऊ दिलं की तिच्यातलं तेल उलटं वर चढत होतं. छत्तीस वर्षं ज्यानं हे काम केलं त्याला पहिल्या वेळेपासून सगळं कळत होतं. विचारून पाहिलं, मी नाही म्हणालो. उठायला वाट करून दिली, मी उठलो नाही. मग दुसऱ्या दिवशी सुकुमारला पेडलला बसवलं असतं तर हवा निघाली असती, शेड राहिली असती, आणि जावई खोटा ठरला असता, लेकीसमोर, पाडव्याच्या सणात. म्हणून हात चालेना झाला.

हे सगळं मला एका क्षणात कळलं, आणि त्यांच्या डोळ्यांत राग शोधला तर तो नव्हता. खरोखर पायाचीच चौकशी करत होते.

“बरा आहे,” मी म्हणालो.

“लांबचा रस्ता हाय. सांगलीत थांबून जरा चालून घ्या,” ते म्हणाले, आणि दारावरचा हात काढला.

सांगलीत मी थांबलो नाही. गाडी सुरेख चालत होती. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. पाय दाबेल तिथे क्लच सुटत होता, आणि ते रबर कुणी बसवलंय हे प्रत्येक गिअरला आठवत होतं. लाजेनं कान तापतात म्हणतात, ते खरं असतं. पेठ नाक्याच्या अलीकडे त्रिशला म्हणाली, “आण्णांनी तुमच्या पायाचं काय विचारलं? पाय दुखत होता तुमचा?”

शेवटची संधी होती ती. गाडी वळवली असती तर दीड तासात परत पोचलो असतो. पाने खोक्यातच होते अजून, शेड उभी होती.

“नाही,” मी म्हणालो. “वय झालंय त्यांचं. काहीतरी विचारतात.”

तिनं बाहेरच्या उसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “हो. काल कळलंच.” आणि पदरानं डोळे टिपले.

आण्णा त्यानंतर सहा वर्षं होते. दुकानाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, पाइप मोजून द्यायचे. माझ्याशी त्यांचं वागणं तसूभरही बदललं नाही, आणि पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही. आताही कुणी जुन्या आठवणी काढल्या की त्रिशला सांगते, आण्णांचा हात किती चांगला होता, पण शेवटी शेवटी गेला, आमच्याच गाडीच्या वेळी कळलं. मग ती माझ्याकडे बघते, कारण तेव्हा तिथे मीही होतो. मी मान डोलावतो.